झाक केरचा वाडा

पॅरिस, १९ जुलै

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत तुझा फोन आला होता आणि आता आषाढ संपत आला. मधल्या पाच महिन्यांत सवड झाली नाही असे लिहिले तर तू पत्र तिथेच घडी घालून ठेवशील, म्हणून ती सबब देत नाही. माझी साखर आटोक्यात आहे, सुमनचा गुडघा कुरकुरत असला तरी चालतो, आणि मुक्ताकडे आल्यापासून आम्ही दोघेही पावावर फुगलो आहोत. प्रकृतीचे एवढेच.

गेल्या गुरुवारी मुक्ताने रजा काढून आम्हाला बूर्जला नेले. पॅरिसहून आगगाडीने साधारण दोन तासांचा रस्ता आहे. बहुतेक लोक तेथील कॅथेड्रल बघायला जातात आणि ते आहेही तसे. परंतु तुला लिहायचे आहे ते त्याच गावातल्या एका व्यापाऱ्याच्या वाड्याविषयी. त्या व्यापाऱ्याचे नाव फ्रेंच लोक उच्चारतात ते आपल्या कानाला थेट ‘झाक केर’ असे ऐकू येते. मुक्ताच्या तोंडून ते प्रथम ऐकले तेव्हा मला सूप हातात धरून तुझ्यावर ओरडणाऱ्या अक्का दिसल्या आणि मी तिकिटाच्या रांगेत एकटाच हसलो. फ्रेंचमध्ये ‘केर’ म्हणजे हृदय. गृहस्थाने आपल्या नावावर अशी काही कोटी केली आहे की तुझ्या साऱ्या कोट्या फिक्या पडाव्यात: दारावर, कठड्यावर, खिडक्यांच्या नक्षीत, जिथे हात पोहोचेल तिथे दगडात हृदय कोरले आहे आणि त्याच्या जोडीला संत झाकचे चिन्ह म्हणून शिंपला. ‘शूर हृदयांना अशक्य काही नाही’ हे त्याचे बोधवाक्य कोरतानासुद्धा ‘हृदय’ हा शब्द अक्षरांत न लिहिता चित्राने दाखवला आहे.

फरच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा पुढे पूर्वेकडच्या मालाच्या व्यापारात शिरला. १४३२ साली तो दमास्कसला होता. मलबारची मिरी अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रामार्गे अलेक्झांड्रियाला यायची, आणि तसला माल भूमध्य समुद्रातून फ्रान्सला आणणाऱ्यांत याची जहाजे होती. पुढे तो सातव्या चार्ल्स राजाचा कोठीवाला झाला, म्हणजे दरबाराला लागणारे कापड, फर, दागिने, मसाले हे सगळे त्याच्याकडून जायचे, आणि बरेचसे उधारीवर जायचे. इथपर्यंत वाचून तुला हरिपूरची हळदीची पेवे आणि पेढीवरची लाल वही आठवली नसेल तर तू विनायक नव्हेस. मला ती तिथे, त्या अंगणात उभा असतानाच आठवली, आणि त्यापुढचा सगळा वाडा मी तुझ्या आप्पांच्या मागून चालत असल्यासारखा पाहिला.

वाड्याला दोन तोंडे आहेत. मागची बाजू रोमन काळातल्या गावकुसाच्या भिंतीवर उभी आहे, तिथून पाहिले तर गोल बुरुजांचा किल्ला वाटावा. पुढच्या, रस्त्याच्या बाजूला मात्र सगळी नाजूक नक्षी. प्रवेशद्वाराच्या वर दोन्ही अंगांना एकेक खोटी खिडकी आहे आणि त्या खिडक्यांतून एक दगडी पुरुष आणि एक दगडी स्त्री बाहेर वाकून रस्त्याकडे बघत आहेत, एकाची नजर एका दिशेला, दुसरीची दुसऱ्या. ती घरातली नोकरमाणसे असावीत आणि मालक कधी येतो याची वाट बघत असावीत, असे कोणालाही वाटते. आत प्रत्येक दारावर त्या दाराने कुठे जायचे ते कोरून ठेवले आहे: स्वयंपाकघराच्या दारावर स्वयंपाकी, देवघराकडे जाणाऱ्या जिन्याच्या दारावर पूजेची तयारी. वाफेने अंघोळ करायची खोली आहे. देवघराच्या छतावर निळ्या आभाळात देवदूत रंगवले आहेत, आणि त्याच देवघरात नवरा आणि बायको यांना प्रार्थनेसाठी स्वतंत्र खोपटी असून प्रत्येकीत शेकोटी आहे. (मार्गशीर्षातल्या पहाटे ओलेत्याने कुडकुडत उभे राहून मिळवलेले आपले पुण्य यांच्या हिशेबात कितीचे धरायचे, हे गुरुजींना विचारायला हवे.) एका दालनाचे लाकडी छत उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारखे आहे. एका शेकोटीच्या वरच्या नक्षीत एक जोडपे बुद्धिबळ खेळत बसले आहे. त्यातल्या पुरुषाचा हात पटाकडे ज्या पद्धतीने सरकतो आहे ती पाहून मी सुमनला सांगितले की हा आता उंट मागे घेणार. १९७७च्या गणेशोत्सवातला तो उंट मी विसरलेलो नाही, आणि हात सुटला नव्हता हे तुझे म्हणणे मला आजही मान्य नाही.

एका शेकोटीवर मला सर्वांत आवडलेली गंमत आहे. सरदार लोक घोड्यांवर बसून भाल्यांच्या झुंजी करायचे, तशी झुंज तिथे कोरली आहे. फक्त घोड्यांच्या जागी गाढवे आहेत, स्वार शेतकरी आहेत आणि ढालींच्या जागी टोपल्या आहेत. ज्यांना कर्ज दिले त्यांची अशी टर उडवून ती आपल्याच घरात दगडात कायम करायची, याला हिंमत म्हणायचे की काय म्हणायचे ते तू ठरव. आप्पांनी असे कधी केले नाही. आप्पा कर्जदाराला आधी चहा पाजायचे.

हा वाडा बांधायला १४४३ साली सुरुवात झाली आणि १४५१च्या सुमारास तो पुरा होत आला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी राजाने त्याला पकडले. आधीच्या वर्षी राजाची प्रेयसी आन्येस सोरेल वारली होती. तिला यानेच विष घातले असा आरोप एका उमराव बाईने केला, आणि त्या बाईकडेही याचे येणे होते. तो आरोप टिकला नाही, उलट खोटे बोलल्याबद्दल तिलाच शिक्षा झाली; परंतु माणूस हाती आलाच आहे म्हटल्यावर दुसरे आरोप निघाले, मुसलमान राजांना शस्त्रे विकल्याचे, चांदी बाहेर नेल्याचे, माणसे बळजबरीने वल्ह्यांवर बसवल्याचे. चौकशीला बसलेल्यांत आंत्वान द शाबान नावाचा सरदार होता आणि पुढे याच्या जप्त जमिनींपैकी मोठा वाटा त्याच्याच पदरात पडला. दरबारातल्या कितीतरी जणांची नावे याच्या वहीत देणेकरी म्हणून होती, आणि तो बुडाला की त्यांचे देणेही बुडत होते. २९ मे १४५३ रोजी शिक्षा सुनावली गेली: ४ लाख एक्यू (तिथली सोन्याची नाणी) भरायचे आणि भरून होईपर्यंत कैद. तो कैदेत असतानाच बायको गेली. झाँ दोव्हे नावाचा सरकारी वकील पुढची काही वर्षे गावोगाव फिरून याच्या मालमत्तेची यादी करून ती विकत होता. ती यादी आजही उपलब्ध आहे. हा स्वतः १४५४ साली कैदेतून निसटला, रोमला पोपच्या आश्रयाला गेला आणि पोपच्याच आरमाराबरोबर जाऊन १४५६ साली खिओस बेटावर वारला. बूर्जला तो परत आला नाही. त्या दोन दगडी माणसांनी कोणाला येताना पाहिले असेल तर जप्तीवाल्यांना.

हे सगळे मुक्ता मला फलक वाचून सांगत होती आणि माझे लक्ष त्या यादीवर अडकले होते. दोव्हे स्वतः थोडाच पानेच्या पाने लिहीत बसला असेल? कोणीतरी सुवाच्य अक्षराचा पोरगा हाताशी धरला असेल, आणि त्याने मान खाली घालून, ओळी सरळ ठेवून, दुसऱ्याच्या घरातली भांडीकुंडी लिहून काढली असतील.

विनायक, १९८१ साली आप्पांच्या विरोधात त्या पतसंस्थेकडे जो अर्ज गेला, त्याची शुद्ध प्रत माझ्या अक्षरात आहे.

आमच्या भाऊंनी कच्चा मसुदा पुढे ठेवला आणि ‘नीट लिहून दे’ म्हणाले. मी एकोणीस वर्षांचा होतो हे खरे, परंतु मला वाचता येत होते. खाली तेवीस सह्या झाल्या, त्यांत भाऊंची सातवी. तेवीसपैकी किमान अर्ध्या घरांत आप्पांचे पैसे होते, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होते. वैशाखात तुमच्या हरिपूर रस्त्यावरच्या घराची वास्तुशांत झाली, तुझ्या पंगतीत मी चार पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, आणि श्रावणात आप्पा मामांकडे कोल्हापूरला गेले ते त्या घरात पुन्हा राहायला आलेच नाहीत. ते निर्दोष ठरल्याचा निकाल आला तेव्हा तूच मला तो मोठ्याने वाचून दाखवलास, आणि मी ‘सत्य बाहेर येतेच’ असे काहीतरी म्हणालो. ते वाक्य मला गेली कित्येक वर्षे रात्री ऐकू येते. झाक केरच्या बोधवाक्यांत असेही एक आहे की मिटलेल्या तोंडात माशी शिरत नाही. मी आयुष्यभर तेच केले, फक्त मला ते दगडात कोरून ठेवायची गरज पडली नाही.

खरे तर मला नेहमी वाटत आले आहे की तुला हे माहीत आहे. सहामाहीला माझ्याच वह्या उतरवून पास झालेल्या माणसाने माझे अक्षर ओळखू नये हे कसे शक्य आहे? कोर्टात ती प्रत तू पाहिली असशील. मग तू बोलला का नाहीस? तेव्हा आपण उंटावरून वर्षभर अबोला धरू शकत होतो आणि यावरून एकदाही भांडलो नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठीच मुख्यतः हे पत्र. भाऊ गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत धोतरांच्या तळाशी मला त्यांच्या हातची, आप्पांच्या नावे लिहून दिलेली १८,००० रुपयांची चिठ्ठी सापडली. पैसे फिटले की चिठ्ठी फाडतात. ही अखंड आहे आणि तिच्यावर कोणताही शेरा नाही. म्हणजे ती पैसे न फिटताच परत आली. त्या उन्हाळ्यात पेढीवरचे कागद घरोघर पोहोचवायला तूच सायकलवरून जायचास. आप्पांनी, वह्या जप्त होण्याआधी, लोकांना त्रास नको म्हणून चिठ्ठ्या परत पाठवल्या होत्या का? आणि आमच्या घरी ती आली ते भाऊंनी सही करण्याआधी की नंतर? एवढे मला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. उत्तर कोणते हवे आहे हे माझे मलाच समजत नाही. ‘आधी’ असेल तर भाऊंचे काय करायचे, आणि ‘नंतर’ असेल तर आप्पांचे काय करायचे.

फोनवर तू घर बिल्डरला द्यायचे म्हणालास आणि मी ‘तुझे घर, तुझा निर्णय’ असे म्हणून पुन्हा तोंड मिटले. त्या घरावर माझा काही हक्क नाही. तरी दसऱ्यापर्यंत सही करू नकोस अशी विनंती आहे. झाक केरच्या मुलांना १४५७ साली वाडा परत मिळाला, पुढे तो विकला गेला, गावाची कचेरी झाला, एकोणिसाव्या शतकात चक्क त्यात न्यायालय भरत होते, आणि १९२३ साली सरकारने घेतला म्हणून आज मी तिकीट काढून आत जाऊ शकलो. आता खोल्या रिकाम्या आहेत. तुमच्या घराचे तसे व्हावे असे मी म्हणत नाही. मला फक्त एकदा तुझ्याबरोबर माडीवर जाऊन आप्पांनी पेढीसाठी म्हणून करवून घेतलेले ते भिंतीतले कपाट पाहायचे आहे.

वहिनींच्या मोतीबिंदूचे काय झाले? नातवाचे नाव काय ठेवले? अमेयची बंगळूरची नोकरी टिकली ना? सुमन सगळ्यांना नमस्कार सांगते.

आम्ही २ सप्टेंबरला मुंबईत उतरतो आणि त्या आठवड्यात सांगलीला येतो. चिठ्ठी माझ्या कपाटात आहे, ती घेऊन येईन. हे वाचून फोन करू नकोस, लिही. फोनवर आपण दोघेही पावसाविषयीच बोलतो.

तुझा,
श्रीधर