डोनाल्ड फ्लॅम यांस, एका निवेदनाबद्दल

माननीय डोनाल्ड फ्लॅम यांस,
सविनय नमस्कार.

रविवार, २० नोव्हेंबर १९३८. रेडिओवर गाजणारे धर्मगुरू फादर चार्ल्स कॉग्लिन यांचे भाषण संपले आणि न्यूयॉर्कच्या तुमच्या डब्ल्यूएमसीए रेडिओ केंद्रावरून निवेदकाने लगेच सांगितले, की वक्त्याच्या बोलण्यात दुर्दैवाने वस्तुस्थितीच्या चुका होत्या. त्या निवेदनासाठी हे पत्र. आजही कुणी ध्वनिक्षेपकासमोर बसून एखाद्या समाजावर वाटेल ते आरोप करतो आणि केंद्र पुढची जाहिरात लावून मोकळे होते, तेव्हा तुमची आठवण येते आणि ऊर भरून येतो.

क्रिस्टालनाख्टला, म्हणजे नाझींनी ज्यूंवर केलेल्या देशव्यापी हल्ल्यांच्या रात्रीला, जेमतेम दहा दिवस झाले होते. जर्मनीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जळाली होती, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून नेले होते. आणि मिशिगनमधल्या रॉयल ओकचा हा धर्मगुरू सांगत होता, की नाझीवाद म्हणजे कम्युनिझमपासूनचा बचाव आणि रशियन क्रांतीला पैसा पुरवला तो ज्यू सावकारांनी. पुरावा म्हणून त्याने अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसच्या अहवालाचे नाव घेतले. असा अहवाल आपण दिलेलाच नाही, असे त्या खात्याने नंतर स्पष्ट केले.

तुमच्याआधी हे काम कुणालाच का जमले नाही? सीबीएस या अमेरिकी रेडिओ जाळ्याने १९३० मध्ये कॉग्लिनला देशभर पोहोचवले आणि वाद वाढल्यावर १९३१ मध्ये करार न वाढवता अंग काढून घेतले. मग त्याने स्वतंत्र केंद्रांची वेळ विकत घेतली, भाड्याच्या टेलिफोन तारांनी ती जोडली आणि खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून भागवला. या साखळीवर वरून कुणाचीच देखरेख नव्हती. अडवायचे तर एकेका केंद्राच्या मालकानेच. बहुतेकांनी पैसे मोजून घेतले आणि मान फिरवली. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याच्या ‘सोशल जस्टिस’ साप्ताहिकाने ‘प्रोटोकॉल्स’ हा ज्यूद्वेषी बनावट दस्तऐवज छापला, तरीही.

तुम्ही संहिता आधी पाहिली होती, आक्षेपार्ह भाग वगळायला सांगितले होते. तरी प्रक्षेपणात ते आलेच. थेट प्रक्षेपणाची अडचण हीच: कागद तपासता येतो, तोंड नाही. मध्येच आवाज तोडला तर वक्ता हुतात्मा ठरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात खुलासा छापला तर तो त्याच श्रोत्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. खोटे ज्या कानात गेले त्याच कानात, श्रोत्याने रेडिओची कळ फिरवण्याआधी दुरुस्ती जायला हवी. तुमच्या केंद्राने नेमके तेच केले, भाषणाला लागूनच आणि तेही पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या विरोधात.

पुढच्या रविवारचे भाषण तुम्ही लावले नाही. शिकागोतही काही केंद्रांनी नकार दिला. कॉग्लिनचे समर्थक मग रविवारमागून रविवार तुमच्या केंद्राबाहेर निदर्शने करत राहिले. जर्मन वृत्तपत्रांनी कॉग्लिनची बाजू घेतली. तुम्ही बधला नाहीत. ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकी प्रसारकांच्या संघटनेची नवी आचारसंहिता लागू झाली, वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकण्यावर बंधने आली आणि १९४० मध्ये कॉग्लिनचा रेडिओवरचा आवाज थांबला. इतरांना नियम होईपर्यंत थांबावे लागले. तुम्हाला तुमची सचोटी पुरेशी होती.

धंदा सांभाळणारी माणसेही इतकी सरळ वागू शकतात, याचा फार आधार वाटतो. तुमचे, आणि ते निवेदन वाचणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याचे, मनापासून आभार.

आपला कृतज्ञ,
एक नभोवाणीप्रेमी