भाकरी विकत मिळत नाही

परभणी,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज रात्री लिहायला घेतो, पण गाडीवरून उतरलं की पाठ आधी गादी शोधते. आज उपवासाच्या निमित्ताने लवकर घरी आलोय, म्हणून बसलो.

साखरेचं विचारलंस. आहे, चांगली मुक्कामाला आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.९ आलं. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं खाणं बंद करा." म्हटलं, साहेब, माझी नोकरीच बाहेरची आहे. सोलर पंपाच्या तक्रारी घेत जिंतूर, सेनगाव, औंढा असं हिंडायचं. सकाळी सातला निघालो की एक-दीडला कुठल्या तरी फाट्यावर पोटात कावळे ओरडतात, आणि त्या फाट्यावर काय असतं ते तुला ठाऊक आहे. वडा, भजी, समोसा, बिस्किटाचे पुडे. मोठा ढाबा लागलाच तर शेवभाजी, वर बोटभर तेलाचा तवंग.

गेल्या आठवड्यात येलदरीच्या अलीकडे थांबलो होतो. कढईतलं तेल चहासारखं काळं. बुडाशी आदल्या घाण्यांचा जळका चुरा. पोऱ्याने झाऱ्याने तो बाजूला सारला, दातांनी नवी पिशवी फोडली आणि त्याच तेलात रिकामी केली. मला म्हणतो, "ताजं तेल हाय साहेब, तुमच्यासमोर ओतलं." तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून होणारा बिघाड, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते मोजायचं यंत्रही असतं म्हणे. फाट्यावर यंत्र म्हणजे आपलं नाक. नाकाने नको सांगितलं, तरी मी दोन वडे खाल्ले. भूक नाकापेक्षा मोठी असते, बाळ्या.

मालक ओळखीचा आहे. त्याला म्हटलं, अरे, भाकरी-पिठलं ठेव की, माझ्यासारखे दहा जण रोज खातील. तो हसला. म्हणाला, "भाकरीला थापणारी बाई लागती. गिऱ्हाईक आलं की गरम द्यावी लागती, गार झाली की कडक. वडा सकाळी तळला की दुपारपर्यंत जातो. आन् घरी रोज भाकरी खाणारा इथं येऊन भाकरी मागतो व्हय?" यावर मला काही बोलता येईना. त्याचं दुकान माझ्यासाठी नाहीच. बाजाराच्या दिवशी तोंडाची चव बदलायला येणाऱ्यासाठी आहे.

आणि ज्वारी तरी कुठे उरलीय? पावसाळ्यात या सगळ्या पट्ट्यात नजर जाईल तिकडे सोयाबीन. खरिपाची ज्वारी एखाद्या बांधाला. शाळू घ्यायला गेलं तर गहू स्वस्त वाटतो. २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, त्याचा 'श्री अन्न'वाला फलक एका सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर अजून आहे. त्याच्याच फाटकाशी वड्याचा गाडा, आणि साहेबलोकांसकट सगळे तिथेच. (मीही.)

उपवासाचं तर विचारूच नकोस. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला श्रावणात गर्दी असते आणि जिकडे तिकडे साबुदाण्याची खिचडी. तो साबुदाणा तिकडे तमिळनाडूत सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून होतो, म्हणजे निव्वळ स्टार्च. वर बटाटा. माझ्यासारख्याने देवाला हात जोडावेत आणि पुढे जावं. भगर विचारली तर "संपली" म्हणतात. कधी सुरू होती, कोण जाणे.

पण एक सांगायचं होतं. सेनगावकडे एका शेतावर कंट्रोलर बंद पडला होता. काम संपायला दोन वाजले. शेतकऱ्याच्या आईने हाक मारली, "हात धुवा आन् बसा." ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची चरचरीत फोडणी. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी, कांदा बुक्कीने फोडलेला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या रे. निघताना नातवाच्या हातात शंभराची नोट ठेवली, तर आजीने ती माझ्या खिशात परत कोंबली आणि वर रागावल्या.

पुढच्या महिन्यात त्याच गावातून तक्रार आली. मी निघालो आणि लक्षात आलं की बाकीची कामं मी अशी लावलीत की तिथे बरोबर दीडला पोचेन. स्वतःचीच लाज वाटली. पंप बघायला निघालोय की जेवायला? आता त्या गावाला सकाळी दहाच्या आत उरकून येतो. आजी म्हणतात, "साहेबाला लई घाई." त्यांनी पैसे घेतले असते तर मी रोज गेलो असतो.

म्हणून आता डबा. ही पाचला उठून दोन भाकऱ्या थापते, मी कांदा-काकडी चिरतो, खिशात फुटाणे. दुपारपर्यंत भाकरी वाकत नाही, पण दह्यात चुरली की जाते. अडचण डब्याचीच आहे. जुन्याचं झाकण सैल झालंय. परवा वरण पिशवीत सांडलं आणि एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर पिवळा नकाशा उमटला. तुमच्या नाशकात भांडी बाजार आहे, तर तीन पुडांचा, घट्ट कडीचा स्टीलचा डबा बघ. उभा हवा, गाडीच्या पिशवीत आडवा मावत नाही. पैसे कळव, आणि तुझ्या-माझ्यात कसले पैसे असलं काही लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ