सॉस लावायचा तो शेवटच्या दहा मिनिटांत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हरणाच्या मांसाची बार्बेक्यू सॉसमधली अमेरिकी कृती वाचली. मांस रात्रभर व्हिनेगरात बुडवा, सॉस चोपडा आणि तासभर निखाऱ्यावर भाजा, असे तीत म्हटले आहे. तसे केल्यास बाहेर कडू कोळसा आणि आत चपलेचा तळ हाती येईल. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुमारास बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. शेजारी शिकारी असला, की मराठी घरांच्या फ्रीझरमध्येही हरणाची पुडकी येऊन पडतात. म्हणून हा खुलासा.

भारतातल्या वाचकांपुरते आधी सांगतो: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरीण-सांबराची शिकारच नव्हे, तर मांस बाळगणेही गुन्हा आहे. त्यांनी सॉसचा भाग वाचावा. तो कोंबडीला आणि बोकडाच्या चापांनाही चालतो.

हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि जी असते ती काढून टाकायची. ती चटकन थिजते, टाळूला चिकटते आणि उग्र वास बराचसा तिच्यातच असतो. तिच्यासोबत मांसावरचा चंदेरी पापुद्राही सुरीचे पाते आडवे धरून सोलावा. तो कितीही भाजला तरी मऊ होत नाही, उलट आकसून तुकडा वाकडा करतो. व्हिनेगराने वास जात नाही, वरचा थर मात्र खडूसारखा भुरभुरीत होतो. त्याऐवजी अर्धा किलोला सपाट चमचाभर मीठ लावून तासभर ठेवावे.

सगळे मांस एकाच पद्धतीने शिजवणे ही खरी चूक. कण्यालगतचा लांब पट्टा मुळातच मऊ असतो. त्याचे 4 सेंटिमीटर जाडीचे तुकडे कोरडे पुसून, तापलेल्या बिडाच्या तव्यावर लोण्यात किंवा तुपात प्रत्येक बाजूने तीनेक मिनिटे भाजावेत. शिकारी मंडळी आतले तापमान 54 अंश सेल्सिअसला आले की उतरवतात. सरकारी शिफारस 63 ची आहे आणि गर्भवती, लहान मुले व वृद्धांसाठी तीच पाळावी. त्यापुढे गेले की तंतू पाणी पिळून टाकतात. खिमा मात्र 71 पर्यंत गेलाच पाहिजे आणि तो कोरडा पडू नये म्हणून त्यात पाचवा हिस्सा डुकराची चरबी घालतात.

खांद्याची गोष्ट उलटी. दीड किलोचा खांदा कपभर पाण्यासह घट्ट झाकणाच्या भांड्यात, 150 अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन-चार तास ठेवावा. काटा घातला की मांस आपोआप सुटते तेव्हा झाले. घाई असेल तर कुकर खांद्याला चालेल, पाठीच्या पट्ट्याला कधीच नाही.

आता सॉस. केचप दोन वाट्या, सायडर व्हिनेगर अर्धी वाटी, काकवी पाव वाटी, गूळ दोन मोठे चमचे, वूस्टर सॉस एक मोठा चमचा, मोहरीची पूड एक लहान चमचा, धुरावलेली पाप्रिका दोन लहान चमचे, मिरपूड. किसलेला कांदा व चार पाकळ्या लसूण तेलावर परतून मसाले अर्धा मिनिटच फिरवावेत, ते जळले तर सॉस कडू. मग बाकीचे घालून मंद आचेवर 25 मिनिटे. व्हिनेगर शेवटी घालू नये, कच्चे लागते. अमेरिकी मोलॅसिस साखर काढून घेतल्यावर उरलेले, काळे आणि कडसर असते. काकवी त्याहून गोड, म्हणून गूळ कमीच ठेवला आहे. केचपात मीठ असतेच, तेव्हा मीठ चाखून मगच. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की उतरवा, गार झाल्यावर आणखी दाटतो. भांडे स्टीलचे हवे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवू नये हे सांगायला नकोच. धुरावलेली पाप्रिका नसेल तर साधे तिखट घालून, पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर तुपाचा थेंब टाका आणि दोन मिनिटे झाकून धुंगार द्या. फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत तीन-चार आठवडे टिकतो.

यातली साखर निखाऱ्यावर पटकन करपते. म्हणून भाजताना सॉस शेवटच्या दहा मिनिटांतच, दोन पातळ हातांनी. खांद्याच्या सुट्या केलेल्या मांसात तो नंतर कालवायचा, दीड किलोला सव्वा वाटी पुरते.

पुरवणीतून राहिलेली आणखी एक बाब. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा हरणांचा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून आढळतो. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण तो ज्यामुळे होतो ते बिघडलेले प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. रोगग्रस्त भागातले पुडके असेल तर त्या जनावराची तपासणी झाली का, हे शेजाऱ्याला विचारून मगच ते फ्रीझरबाहेर काढावे.

आपला,
एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन