‘लडाख-टेस्टेड’ तंबू लडाखला नेला म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

विषय : रूफटॉप टेंट, कॅरिअर आणि एअर कॉम्प्रेसर या पॅकेजमधील दोष, चुकीची माहिती आणि फेटाळलेला वॉरंटी दावा

महोदय,

तुमच्या पुण्याच्या शोरूममधून मी गाडीच्या टपावर बसणारा तंबू, त्याचं कॅरिअर, बसवायची ब्रॅकेट आणि टायरमध्ये हवा भरायचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर असं ‘एक्स्पिडिशन पॅकेज’ घेतलं. फिटिंग तुमच्याच माणसांनी केलं. लडाखमध्ये त्यातलं एक ब्रॅकेट तुटलं, तंबूची चेन अडकली आणि कॉम्प्रेसरनं गाडीचा फ्यूज उडवला. परत आल्यावर केलेला दावा तुम्ही एका ओळीच्या ई-मेलनं फेटाळलात. कारण काय, तर ‘ऑफ-रोड वापर आणि ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवरील वापर’ वॉरंटीत बसत नाही.

तंबूच्या पिशवीवर तुम्हीच ठळक अक्षरांत ‘लडाख-टेस्टेड’ छापलं आहे. लेह शहर ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे लेहच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडी नुसती उभी केली तरी ग्राहक तुमच्या वॉरंटीतून बाद! कारगिल आणि सिंधूच्या खालच्या अंगाची थोडी गावं सोडली, तर लडाखमध्ये ३,००० मीटरच्या खाली फारसं काही उरतच नाही. मग तुमची ती टेस्ट झाली कुठं? कारगिलच्या बाजारात?

ही अट मला विकत घेताना कुणी दाखवली नाही. बिलावर नाही, वॉरंटी कार्डावर नाही. कार्डावर फक्त ‘अटी लागू’ आहे. अटी तुमच्या वेबसाइटच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत, ते दावा फेटाळल्यानंतर तुमच्या प्रतिनिधीनं फोनवर सांगितलं.

आता जे घडलं ते क्रमानं लिहितो.

प्रवासाला निघण्याआधी तंबू आम्ही इथं वापरून पाहिला होता. मसाई पठारावर वाऱ्यात झोपलो, गगनबावड्याच्या पावसात झोपलो. गगनबावड्याचा पाऊस काय असतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको, तुम्हाला सांगतो : तिथं आडवा पाऊस येतो. आत एक थेंब आला नाही. कापड आणि शिवण यांबद्दल माझी तक्रार नाही. ते काम तुमच्या ज्या कारागिरानं केलं त्याला माझा नमस्कार सांगा.

पण लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं गाठ पावसाशी नसते, धुळीशी असते. मनालीहून चढताना मोरे मैदानावर पुढच्या गाड्यांमागं जी धूळ उडते, ती पिठाहून बारीक. तुमच्या कव्हरच्या पुढच्या बाजूला एक बोटभर फट राहते. त्या फटीतून धूळ आत गेली आणि सगळ्या चेनमध्ये बसली. ब्रशनं साफ केली, मेण लावलं. चेन दोन रात्री चालली, मग रुसली.

पुढं त्सो कार तलावाजवळच्या थुकजे गावात आम्ही एका होमस्टेच्या आवारात मालकाला विचारून गाडी लावली आणि वर झोपलो. पहाटे पत्नीला धाप लागली, डोकं दुखू लागलं. ४,५०० मीटरवर हे व्हायचंच, लेहमध्ये मुक्काम करून शरीर सरावलेलं असलं तरी. तिला खाली उतरवून होमस्टेच्या गरम खोलीत न्यायचं होतं, आणि शिडीच्या बाजूची चेन दोन्हीकडून जाम. शेवटी मेहुण्यानं खिडकीची जाळी ब्लेडनं फाडली आणि ती त्यातून उतरली. खोलीत तासाभरानं तिला बरं वाटलं. पण बाहेर पडायचं दार अडकणं ही गैरसोय नाही, हा धोका आहे. थंडीत आत गॅसची शेगडी पेटवणारे महाभाग असतातच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशा वेळी चेन अडकली तर काय होईल याचा विचार तुमच्या डिझाइन करणाऱ्यानं करायला हवा होता. तंबूला दुसरं मोठं दार नाही. ते का नाही, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आता ब्रॅकेट.

त्सो कारहून पोलोकोंगका ला ही खिंड ओलांडून सुमडोकडं उतरताना कच्च्या पट्ट्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात. गाडी हळू चालवली तरी सगळं थरथरतं. अशा रस्त्यावर टायरमधली थोडी हवा कमी करतात, तशी आम्हीही केली होती. उतारावर डोक्यावर खाडकन आवाज झाला. उतरून पाहिलं तर डावीकडचं मागचं ब्रॅकेट तुटलेलं आणि कॅरिअर तिरकं होऊन तंबू दरीच्या बाजूला कललेला.

पाच हजार मीटरच्या जवळपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचित जास्त असतो. तिथं तीन माणसांनी तो तंबू टपावरून उतरवणं म्हणजे काय हे तुमच्या कॉल सेंटरला कळणार नाही. एक बोल्ट सोडायचा, बसायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरा. सीमा सडक संघटनेच्या कामावरचा एक टिपरवाला थांबला, त्यानं आणि त्याच्या क्लीनरनं हात लावला म्हणून ते झालं. मागचं सीट पाडून तंबू आत कोंबला. तिथून पुढं हानलेला जायचं होतं. ते रात्रीच्या काळोखासाठी राखलेलं डार्क स्काय रिझर्व्ह आहे, आणि आम्ही मुद्दाम अमावास्या गाठली होती. हानले रद्द केलं आणि माहे, चुमाथांगवरून सिंधूच्या काठानं लेहला परतलो. गाडीत तिघे आणि तंबू, मेहुणा पाय छातीशी घेऊन. त्याच्या बोलण्यातलं इथं लिहिण्याजोगं काही नाही.

माझा व्यवसाय शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपचा आहे. तुटलेला भाग पाहणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं पुढचं नीट वाचा.

तुमच्या कॅटलॉगमध्ये ब्रॅकेटची पट्टी ५ मिलिमीटर लिहिली आहे. व्हर्निअरनं मोजली तर ती ३ मिलिमीटर भरते. चारही ब्रॅकेट तशीच. दोन मिलिमीटरनं काय होतं, असं तुमचा प्रतिनिधी म्हणाला. सांगतो. पट्टी वाकवणारा भार तोच असेल तर तिच्यातला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५ च्या जागी ३ आली की ताण पावणेतीन पटींहून थोडा जास्तच. त्यात तुम्ही पट्टी काटकोनात वाकवताना आतल्या कोपऱ्याला गोलाई ठेवलेली नाही आणि बोल्टचं भोक त्या कोपऱ्याला खेटून पाडलं आहे. भोकाची कडही साफ केलेली नाही, पंचिंगची धार तशीच आहे. इथल्या कुठल्याही आयटीआयच्या पोराला दाखवा, चीर कुठून सुरू होणार ते तो बोट ठेवून दाखवील.

आणि ती तिथूनच सुरू झाली आहे. तुटलेल्या पृष्ठाचा साधारण दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत आहे, त्यात धूळ बसलेली. उरलेला भाग चकचकीत आणि खडबडीत. म्हणजे चीर आधीपासून हळूहळू वाढत होती आणि पोलोकोंगकाच्या उतारावर फक्त शेवटचा तुकडा तुटला. एखाद्या खड्ड्यात गाडी आपटून तुटलेला धातू असा दिसत नाही. ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे आघात’ हे तुमच्या दुसऱ्या ई-मेलमधलं वाक्य तुकडा न पाहताच लिहिलं आहे. फोटो पाठवूनही कुणी तो मागितला नाही.

त्याच ई-मेलमध्ये ‘वाहनावर क्षमतेपेक्षा अधिक भार’ असाही आरोप आहे. टपावर तंबूखेरीज एक दोरीसुद्धा नव्हती. पाण्याचे कॅन, शेगडी, फावडं, सगळं मागं डिकीत. पण भाराचा विषय तुम्हीच काढलात, तर होऊन जाऊ दे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चालत्या गाडीच्या टपावर ७५ किलोची मर्यादा दिली आहे, कॅरिअर धरून. उभ्या गाडीचं टप्पर याहून कितीतरी जास्त भार पेलतं, म्हणून वर माणसं झोपू शकतात. चालती गाडी हादरते, वळते, कलते, म्हणून तिथला आकडा कमी. तुमच्या कॅटलॉगप्रमाणं तंबू ५८ आणि कॅरिअर १५, एकूण ७३ किलो. बसतं. तुमच्या सेल्समननं हाच हिशेब कागदावर करून दाखवला होता, तो कागद माझ्याकडं आहे. परत आल्यावर वर्कशॉपच्या काट्यावर वजन केलं : गादी, शिडी आणि कव्हर धरून तंबू ७१, कॅरिअर २४. एकूण ९५ किलो. म्हणजे गाडी ओव्हरलोड होती हे खरं, आणि ती तुमच्या मालानं, तुमच्या फिटिंगच्या दिवशीच ओव्हरलोड झाली. डोंगरात आडव्या उतारावर टपावरचे वीस किलो जास्त म्हणजे काय, हे ऑफ-रोडचं सामान विकणाऱ्याला मी सांगावं?

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. विरळ हवेत तो संथ चालणार, हे मला मान्य आहे. ४,५०० मीटरवर हवाच जेमतेम ५७ टक्के असेल तर पंपानं भरायचं काय? त्याची तक्रार नाही. तक्रार ही की त्याला तुम्ही लायटर सॉकेटची पिन लावून दिली आहे. माझ्या गाडीच्या सॉकेटला १५ अँपिअरचा फ्यूज आहे, आणि कॉम्प्रेसर भार आल्यावर २० च्या वर खेचतो (क्लॅम्प मीटरनं मोजलं आहे). तो बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायला हवा. चिमटे खोक्यात नाहीत, पुस्तिकेत उल्लेख नाही. डोंगरात हवा कमी-जास्त करावीच लागते : नुसतं कोल्हापूरहून तिथवर चढलं तरी बाहेरचा दाब उतरल्यानं, तापमान तेच असेल तर, टायरच्या मीटरवर सुमारे ५ पीएसआय वाढलेले दिसतात. कच्च्यावर हवा सोडायची आणि डांबरी लागली की भरायची. भरायच्या वेळी फ्यूज उडाला, की कमी हवेच्या टायरवर किलोमीटरच्या किलोमीटर रांगत जावं लागतं. आम्ही गेलो.

जाता जाता तुमच्या जाहिरातीविषयी, कारण मी ती पाहूनच आलो होतो. तिच्यात तुमचा तंबू लावलेली गाडी तलावाच्या पाण्यात अर्धं चाक बुडवून उभी आहे. त्सो कारच्या पाणथळीला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, काळ्या मानेचे क्रौंच तिथं घरटी करतात. अशा तलावांच्या काठावर गाड्या घालणाऱ्यांमुळं सगळ्याच पर्यटकांना गावकऱ्यांची बोलणी खावी लागतात. फोनवर हा विषय काढला तर उत्तर आलं, ‘सर, तो फक्त रेफरन्स फोटो आहे.’ म्हणजे फोटो रेफरन्सचा, वजन रेफरन्सचं, जाडी रेफरन्सची. पैसे तेवढे खरे घेतलेत.

माझ्या मागण्या अशा. कॅरिअर, ब्रॅकेट आणि तंबू परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, कारण खऱ्या वजनाचा हा तंबू माझ्या गाडीवर बसूच शकत नाही. दुरुस्ती किंवा बदली ब्रॅकेट मला नको. लेहमधला दुरुस्तीचा खर्च आणि तंबू तिथून ट्रान्सपोर्टनं कोल्हापूरला पाठवल्याचं भाडं द्यावं, पावत्या जोडल्या आहेत. कॉम्प्रेसरला योग्य वायर आणि चिमटे द्यावेत, तो मी ठेवीन, यंत्र वाईट नाही. आणि या सगळ्यांपेक्षा तातडीचं : याच ब्रॅकेटवर ज्यांनी ज्यांनी तंबू बसवला आहे त्या सर्व ग्राहकांना तुम्ही ताबडतोब लेखी कळवा. माझा तंबू कच्च्या रस्त्यावर ताशी १५ च्या वेगानं कलला. हाच हायवेवर ९० च्या वेगात उडाला असता तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं? पुण्याहून आमच्याकडं येणाऱ्या ४८ क्रमांकाच्या महामार्गावर शनिवार-रविवारी असे तंबूवाले दिसू लागले आहेत, त्यांतले काही तुमचे ग्राहक असणार.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडं मी दाद मागेन. खरेदी पुण्यात झाली असली तरी तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते, हे कलम ३४ मध्ये आहे. ‘न्यायक्षेत्र पुणे’ हा बिलावरचा शिक्का दाखवू नये. दोषपूर्ण वस्तू, दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी, तिन्ही मुद्दे मांडीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद आधीच केली आहे.

तुटलेलं ब्रॅकेट मी कुरिअरनं पाठवणार नाही. तो पुरावा आहे, आणि दोन्ही तुकडे तेल न लावता, जसे तुटले तसे ठेवले आहेत. तुमचा इंजिनिअर पाठवा. वर्कशॉप सकाळी नऊला उघडतं. वजनकाटा आणि व्हर्निअर इथं आहेत, माझ्यावर विश्वास नसेल तर त्यानं स्वतःचे आणावेत.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत : बिल व वॉरंटी कार्ड, सेल्समनच्या हिशेबाचा कागद, ब्रॅकेट व चेनचे फोटो, वजनाच्या नोंदी, दुरुस्ती व वाहतुकीच्या पावत्या, तुमचे दोन्ही ई-मेल.