ऊसतोड कामगारांची कंबर, मान आणि गुडघे : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ऊसतोड कामगारांच्या मणके, सांधे व स्नायूंच्या विकारांना कामातून उद्भवणारे आजार म्हणून मान्यता मिळण्याबाबत आणि मोळीच्या वजनावर मर्यादा घालण्याबाबत.

महोदय,

मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये ऊसतोडीला जाणारी माणसे पुष्कळ असतात. गाळप हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या की कुणी कंबर धरून, कुणी अवघडलेल्या मानेने, कुणी हाताला मुंग्या येतात म्हणून दाखवायला येते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘शीर दबलीय’, ‘वात आहे’ अशी निदाने त्यांनी आधीच कुठे ना कुठे ऐकलेली असतात आणि बहुतेकांनी हे दुखणे नशिबाचा किंवा वयाचा भाग म्हणून स्वीकारलेले असते. पस्तिशीही न गाठलेल्या बाईने आपली कंबरदुखी वयावर ढकलावी, हे मला मान्य करता येत नाही. हे विकार कामातून येतात, त्यांची कारणे माहीत आहेत आणि त्यांतली बरीचशी शासनाच्या निर्णयाने दूर करता येतील, हे आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उसात साखर बुडख्याकडे अधिक असते, म्हणून तो अगदी जमिनीलगत तोडावा लागतो. तोडणाऱ्याचा दिवसातला मोठा वेळ त्यामुळे कमरेत पूर्ण वाकलेल्या अवस्थेत जातो. एका हाताने ऊस धरायचा, दुसऱ्या हाताने कोयत्याचा घाव घालायचा आणि त्याच वाकलेल्या स्थितीत कंबर पिळून तो बाजूला टाकायचा. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे छाटून झाल्यावर मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रकला किंवा ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. मोळी चाळीस किलोची धरली, तर दोन टनांसाठी पन्नास मोळ्या होतात, आणि त्या दोघांच्याच मानेवरून गाडीत चढतात. गरोदर बायाही या खेपांतून सुटत नाहीत.

या कामात शरीराचे काय होते, ते थोडे सविस्तर सांगते, कारण धोरण ठरवताना हा तपशील समोर असावा असे मला वाटते. दोन मणक्यांमध्ये असणारी गादी सरळ उभे राहताना जेवढा दाब सहन करते, त्याच्या कितीतरी पट दाब पुढे वाकून वजन उचलताना तिच्यावर येतो, आणि त्यात कंबर पिळली गेली तर गादीच्या कडेच्या तंतूंवर ताण पडून ते हळूहळू फाटू लागतात. या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे तिची झीज भरून यायला फार वेळ लागतो आणि त्यासाठी विश्रांती अत्यावश्यक असते. रात्रभर आडवे राहिल्यावर या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास खोल वाकण्यासाठी सर्वांत घातक असतो. फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, मात्र पहाटे अंधारात उठून तोडणी सुरू होते, आणि गाडी अपरात्री आली की झोपेतून उठून भरणी करावी लागते. गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबली गेली की कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. डोक्यावरच्या ओझ्याने मानेचे मणके अकाली झिजतात. कोयत्याची मूठ तासन् तास आवळून धरल्याने मनगटातील नस दबते, बोटे अडकू लागतात, कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायुबंध दुखावतो. ओझ्यासह उठबस आणि फळीवरची चढण गुडघ्यांच्या वाट्याला येते.

एवढे कष्ट केलेल्या शरीराला विसावा मिळाला, तर यातले बरेच काही सावरू शकते. तो विसावा ‘खाडा’ हिरावून घेतो. कामगाराने हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि आजारपणामुळे एक दिवस जरी काम बुडले, तरी पाचशे ते हजार रुपये खाडा म्हणून त्याच्या हिशेबातून वळते होतात. दुखावलेला स्नायू तीन-चार दिवसांच्या विश्रांतीने बरा झाला असता, पण त्याच स्नायूवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच ओझे पडते आणि साधी चमक कायमचा विकार बनते. माझ्या मते कोयता आणि मोळी यांच्याइतकेच खाडा हेही या आजारांचे कारण आहे, आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदांवर त्याची नोंद कधीच होत नाही.

मग उरतात त्या वेदनाशामक गोळ्या आणि जवळच्या दवाखान्यातले इंजेक्शन. उन्हात घाम गाळणाऱ्या, पुरेसे पाणी न मिळणाऱ्या शरीरात अशा गोळ्या वारंवार गेल्या तर मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांतील तरुण ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा गंभीर आजार मोठ्या प्रमाणावर आढळल्यानंतर तिथे कामाच्या वेळेत पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती देण्याचे प्रयोग करण्यात आले. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी फडात कुणाच्याच जबाबदारीत येत नाहीत.

बायकांच्या बाबतीत चुकीच्या निदानाची किंमत याहून मोठी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांवर मोठ्या प्रमाणावर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे आपण जाणताच. कंबरदुखी हे त्या बायकांच्या तक्रारींपैकी एक मोठे लक्षण असते. ती कंबर वाकण्याने आणि मोळीने दुखत असेल, तर पिशवी काढून ती थांबणार नाही. उलट शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले असतील, तर ऐन तरुणपणी हाडांची घनता झपाट्याने कमी होते, आणि ती बाई पुढच्या हंगामात अधिक ठिसूळ हाडांनी तेवढीच मोळी उचलते. कंबरदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक ऊसतोड बाईच्या पाठीची आणि पायांतील नसांची तपासणी आधी व्हावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्याकडे पाहिले तर, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्यावसायिक आजार नोंदवलेले होते. त्यांत पाठीचा, मानेचा किंवा गुडघ्याचा एकही विकार नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू व सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र गट आहे. जर्मनीने तर वर्षानुवर्षे जड वजन उचलल्याने होणारा कमरेच्या गाद्यांचा आजार आणि खांद्यावर ओझे वाहिल्याने होणारा मानेच्या गाद्यांचा आजार हे दोन्ही १९९३ पासून व्यावसायिक आजार मानले आहेत. त्याच कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ नुसार इजा होईल इतके वजन कुणालाही उचलायला लावता येत नव्हते, आणि प्रौढ स्त्रीसाठी राज्यांच्या नियमांत ही मर्यादा तीस किलोच्या आसपास होती. पण हे संरक्षण कारखान्याच्या फाटकाशी संपत होते. त्याच कारखान्यात गाळला जाणारा ऊस फडात डोक्यावर वाहणाऱ्या बाईला ते कधीच लागू झाले नाही.

मोळी लहान केली तर खेपा वाढतील आणि गाडी भरायला उशीर होईल, हा आक्षेप कारखान्यांच्या आधी स्वतः कामगारच घेतील, कारण त्यांना मजुरी टनावर मिळते. म्हणून केवळ वजनाची मर्यादा घालून भागणार नाही. ऊस तोडणी यंत्राच्या खरेदीसाठी शासनाने लाखो रुपयांचे अनुदान दिले आहे. पण लहान व वेड्यावाकड्या आकाराच्या शेतांत ते यंत्र चालत नाही आणि जिथे चालते तिथे कामगाराचे कामच जाते. त्याऐवजी तोडणी माणसांकडे ठेवून केवळ भरणी यंत्राने उचलण्याची सोय झाली, तर मानेवरचे आणि गुडघ्यांवरचे बहुतेक ओझे कमी होईल व रोजगारही टिकेल. या सोयीसाठी अनुदान मिळावे आणि जिथे ती पोहोचणार नाही तिथे मोळी पंचवीस किलोच्या आत राहावी, असे मला वाटते. भरणीच्या श्रमाचा वेगळा दर मिळाला, तर लहान मोळीमुळे मजुरी बुडणार नाही.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आपल्या विभागाच्या अखत्यारीत आहे आणि त्यासाठी गाळल्या जाणाऱ्या उसावर टनामागे दहा रुपये घेण्याची तरतूद आहे. या निधीतून टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर प्रत्येक कामगाराच्या मणक्यांची, सांध्यांची व हातांच्या पकडीची तपासणी गावातच व्हावी, तिची नोंद त्याच्या आरोग्यपत्रिकेत राहावी आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान एप्रिल ते सप्टेंबर या काळात फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावा. ही नोंद पुढे आजाराला मान्यता व भरपाई मागताना पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

गाळप हंगाम कधी सुरू करायचा, हे ठरवणारी मंत्री समितीची बैठक दरवर्षी हंगामाच्या तोंडावर होते आणि त्यानंतर साखर आयुक्तालय कारखान्यांना गाळप परवाने देते. आजारपणाच्या दिवसाचा खाडा कापला जाणार नाही, आठवड्यातून एक दिवस भरपगारी विश्रांती मिळेल आणि मोळीच्या वजनाची मर्यादा पाळली जाईल, या तीन अटी परवान्यात घालण्याचा प्रस्ताव आपण येत्या बैठकीत मांडावा, अशी माझी नम्र विनंती आहे. त्या अटींचा मसुदा करताना आमच्यासारख्या उपचार करणाऱ्यांची आणि प्रत्यक्ष मोळी वाहणाऱ्या बायकांची मते ऐकून घेतली जावीत.

कळावे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट
बीड जिल्हा