ग्रे मार्केटच्या भावाशेजारी येणीही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीत ३१ वर्षं यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होतो. शेअर बाजारातला जाणकार नाही, पण वहीखातं वाचता येतं. त्या भरवशावर हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी पुतण्याने चार जुने माग भंगारात दिले. आलेल्या पैशातून त्याने एका कंपनीच्या आयपीओला, म्हणजे लोकांना पहिल्यांदा होणाऱ्या शेअरविक्रीला, अर्ज भरला. ‘काका, ग्रे मार्केटला ८० रुपये जास्त बोलतायत,’ एवढंच त्याच्याकडे कारण होतं. ग्रे मार्केट म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच त्याचे तोंडी सौदे होतात तो अनधिकृत बाजार. अलॉटमेंट लागली नाही, म्हणजे अर्जाला शेअर मिळाले नाहीत. मग लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात पहिल्यांदा खुला होण्याच्या, दिवशी सकाळी दहालाच त्याने बाजारातून चढ्या भावाने शेअर उचलले. दुसऱ्या तिमाहीचा निकाल आला आणि भाव निम्म्यावर आला.

त्यानंतर मी त्या कंपनीचं माहितीपत्रक उघडलं. साडेचारशे पानं होती, सगळी वाचली नाहीत, थेट हिशेबावर गेलो. तीन वर्षांत विक्री दुप्पट झालेली आणि गिऱ्हाइकांकडची येणी चौपट. नफा दिसत होता, पण धंद्यातून हातात आलेली रोख तिन्ही वर्षं उणे. आमच्याकडे एखाद्या पेढीला तागे जात राहिले आणि ६० दिवसांचं पेमेंट १२० दिवसांवर गेलं, की मालक पुढची गाडी थांबवायचे. इथे तीच गोष्ट आकड्यांत लिहून ठेवलेली होती. माहितीपत्रकाच्या सुरुवातीलाच, शेअर विकणाऱ्या प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांना, तो सरासरी कितीला पडला तेही होतं : ४ रुपयांना. पुतण्याने २६० ला घेतला. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अर्ज भरताना तो माझ्यासमोरच बसला होता आणि मी काही विचारलं नव्हतं.

पेटीएमचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्या आयपीओत १८,३०० कोटींची शेअरविक्री झाली. त्यातले १०,००० कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात जाणार होते, कंपनीच्या तिजोरीत फक्त ८,३०० कोटी. तोटा कागदावर उघड होता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नफ्याची अट जी कंपनी पुरी करत नाही, तिच्यात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी १० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत नाही. एरवी तो किमान ३५ टक्के असतो. हा १० चा आकडा दिसला तरी आपल्यासारख्याने थबकायला हवं. २,१५० चा तो शेअर पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के आपटला.

मला घाईचं कारणच कळत नाही. चांगली कंपनी लिस्टिंगनंतरही बाजारात मिळतेच. अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे आयपीओ उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी विक्रीला मोकळे होतात, तेव्हा मोठी माणसं थांबतात की निघतात ते दिसतं. तोवर एखाद्या तिमाहीचा निकालही हाती येतो.

आपल्या अर्थ-पानावर ग्रे मार्केटचा भाव ठळक छापून येतो. तो बाजार सेबीच्या कक्षेत नाही, तरी वाचक त्यावरच ठरवतात. माझी विनंती एवढीच, की त्याच चौकटीत आणखी तीन आकडे द्यावेत : जमणाऱ्या पैशातला कंपनीला किती मिळणार, प्रवर्तकांना शेअर कितीला पडला, आणि तीन वर्षांत विक्री व येणी किती वाढली. सगळे माहितीपत्रकातच असतात. पुतण्या रोज सकाळी पहिलं तेच पान उघडतो.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, इचलकरंजी