तिकिटे काढली आहेत

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते, तर बाबा, तुम्ही दोन मिनिटांत नाही म्हणून मोकळे झाला असता आणि आईने तुमचीच री ओढली असती, म्हणून मुद्दाम पत्र लिहीत आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी आपण तिघे अंदमानला जात आहोत आणि सोमवारी परत येत आहोत. तिकिटे काढून झाली आहेत. त्याआधी मी तुमच्या डॉक्टरांशी बोलले. अँजिओप्लास्टीला वर्ष उलटून गेले आहे, बेताने फिरायला हरकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मागच्या वेळी बॅगा भरून झाल्यावर माझ्या नोकरीपायी बेत मोडला. तुम्ही दोघांनी एक शब्दही काढला नाही. आईने नव्या साड्या एकेक करून पुन्हा कपाटात ठेवल्या, हे मला दादाकडून कळले, आणि तेव्हापासून ते मनातून गेलेले नाही. खर्चाचे म्हणाल, तर या वर्षी मी दुसरे काहीही ठरवलेले नाही, तेव्हा तो विषय काढू नका.

गुरुवारी तुम्ही पुण्याहून चेन्नईला माझ्याकडे यायचे आणि शांत झोपायचे. शुक्रवारी सकाळचे विमान सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमला, पोहोचते. तिथला विमानतळ सावरकरांच्या नावाचा आहे. हॅवलॉक, आताचे स्वराज द्वीप, मी वगळले आहे, कारण तिथे जायला दीड-दोन तास बोटीत बसावे लागते आणि मालवणहून सिंधुदुर्गावर जाताना आईचे काय झाले होते, ते मी विसरलेले नाही. समुद्र शांत असला, तर रविवारी समोरच्या रॉस बेटावर जाऊन येऊ. ती बोट दहा-पंधरा मिनिटांची आहे. नाहीतर किनाऱ्यावर बसून शहाळी पिऊ.

शनिवार मात्र संपूर्ण सेल्युलर जेलसाठी ठेवला आहे. बाबा, तुम्हाला आठवते का, दर शनिवारी तुम्ही मला घाण्यावर शेंगदाण्याचे तेल आणायला न्यायचात? एकदा मला कडेवर उचलून, झापड बांधलेला बैल दाखवत तुम्ही म्हणालात, ‘अंदमानात याच्या जागी माणसे जुंपत.’ दिवसाला 30 पौंड तेल काढावे लागे, असेही सांगितलेत. मी रडू लागले, तेव्हा तुम्ही मला पेंडेचा एक तुकडा हातात देऊन गप्प केलेत. त्या पेंडेचा ऊबदार वास मला अजून आठवतो. 1911 पासून दहा वर्षे तात्याराव सावरकर त्या तुरुंगात होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून, हे मी पुस्तकाआधी तुमच्याकडून ऐकले. तात्यारावांची कोठडी तुमच्याशेजारी उभे राहून पाहावी, एवढेच माझ्या मनात आहे.

कोठडी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आहे. सात इमारतींपैकी आता तीनच उरल्या आहेत, त्यामुळे चालणे फार नाही, पण जिने आहेत. बाबा, प्रत्येक वळणावर थांबायचे आणि मी ‘चला’ म्हटल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही. आईने गुडघ्याला त्रास देऊन वर येण्याचा हट्ट धरू नये. मी खाली तिच्यासाठी सावलीतली जागा शोधून देईन. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बसून पाहायचा असतो. तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे रात्रीचे जेवणही लवकर होईल आणि बाबांची गोळी चुकणार नाही. उपाहारगृहात भात, डाळ, चपाती सगळे मिळते, हे मी विचारून घेतले आहे. आईच्या पहाटेच्या चहासाठी खोलीत किटली आहे.

विमानतळावर चाकांची खुर्ची सांगून ठेवली आहे. बाबा, मनाला लावून घेऊ नका. तिथे लांबवर चालावे लागते आणि आई एकटी बसायला लाजेल, म्हणून दोन सांगितल्या आहेत.

गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. दोघांची आधार कार्डे आजच काढून ठेवा. सुती कपडे आणि छत्री घ्या, स्वेटर फक्त विमानापुरता. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकूंना सांगा आणि निघताना गॅसचे बटण दोघांनीही पाहा. दादा रागावला, तर त्याला माझ्याशी बोलायला सांगा.

आणि आई, रात्र जागून लाडू करत बसू नकोस. अगदीच राहवले नाही, तर मेतकूट आण.

तुमची,
चिमी